मागणाऱ्यांचे मागणे : मराठवाड्यातील दलित ख्रिस्ती आणि दुसऱ्यासाठीची प्रार्थना

गावगाड्याने महार-मांगांना जे थोडेबहुत दिले, त्यात मागण्याचा अधिकार पहिला होता. दारोदार भाकरी मागायची, सणाचे वाढण मागायचे, सुगीत खळ्याच्या कडेला उभे राहून बलुते मागायचे. याला 'हक्क' म्हणण्याची पद्धत होती आणि आमचीच म्हातारी माणसे तो शब्द अभिमानाने वापरीत. हा हक्क म्हणजे मानेवरचे जोखड आहे हे बाबासाहेबांनी ओळखले, म्हणूनच १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी मांडले. मागून खाणाऱ्याला स्वाभिमान कसा राहणार, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

या लेखात मला मागण्याच्या एका वेगळ्या प्रकाराविषयी लिहायचे आहे. मराठवाड्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या घरांत आणि चर्चांत रोज दुसऱ्यासाठी मागितले जाते. आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी, तुरुंगात असलेल्यासाठी, राज्यकर्त्यांसाठी, वैऱ्यासाठीसुद्धा. ख्रिस्ती परिभाषेत तिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. आमच्या चळवळीने या प्रार्थनेकडे कधी इतिहासाचा विषय म्हणून पाहिले नाही. देवाधर्माची बाब म्हणून ती बाजूला टाकली गेली. पण स्वतःसाठी मागणे हे ज्यांचे जातिकर्तव्य होते, त्यांनी दुसऱ्यासाठी मागायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या समाजातल्या जागेत काही फरक पडला की नाही? हा प्रश्न धर्मशास्त्राचा नाही. तो आपला प्रश्न आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की, आम्ही प्रार्थना करू लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे आमच्यासाठी प्रार्थना चालू होती. १८०६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात एका गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि तिथे त्यांनी आशियातल्या लोकांसाठी प्रार्थना केली. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. हॉल १८२६ मध्ये नाशिक भागात पटकीने मेला. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) मिशनचे ठाणे झाले आणि नगरच्या बाजूने हे काम गोदावरीच्या खोऱ्यात पसरत गेले. तिकडे न्यू इंग्लंडच्या चर्चांत महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी प्रार्थनासभा भरत आणि इथल्या मिशनऱ्यांची पत्रे त्यांत वाचून दाखवली जात.

याहून मोठी घटना १८५८ ची. उत्तर हिंदुस्थानात उठावाची राख अजून गरम असताना लुधियान्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी सगळ्या जगातल्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले की, १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सर्वांनी मिळून जगाच्या धर्मांतरासाठी प्रार्थना करावी. जानेवारीतला प्रार्थना-सप्ताह तेव्हापासून रूढ झाला. म्हणजे जगभर पाळल्या गेलेल्या या सप्ताहाची हाक निघाली हिंदुस्थानातून. पण ती हाक देणारे हिंदुस्थानी नव्हते. हिंदुस्थानी माणूस त्या प्रार्थनेत होता तो कर्म म्हणून, कर्ता म्हणून नव्हे. त्यातही महार-मांग म्हणजे दयेचा सर्वांत लायक विषय. मिशनचे अहवाल वाचताना मला हे पानोपानी जाणवते. आमचे दैन्य त्यांत बारकाईने लिहिलेले असते, कारण ते दैन्य वाचूनच दूरच्या देणगीदाराचा हात खिशाकडे जाणार असतो. त्या माणसांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. आपले घरदार सोडून पटकीने मरायला कोणी ढोंगाने येत नाही. पण ज्याच्यासाठी सतत कोणीतरी प्रार्थना करते, त्याची स्वतःची वाचा त्या प्रार्थनेत कुठे असते?

ही वाचा पहिल्यांदा फुटली ती चर्चच्या बाहेर. १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती, तिने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. छापणारे पत्र मात्र मिशनचे होते. हा निबंध आता दलित साहित्याचा उगम म्हणून सर्वत्र सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या रचनेकडे लक्ष दिले जात नाही. ही मुलगी मांग-महारांची दुःखे एकेक करून मोजते आणि मध्येच ईश्वराकडे वळून विचारते की, आमचा धर्म कोणता ते तू सांग. ती स्वतःसाठी काही मागत नाही. ती आपल्या माणसांच्या वतीने उभी आहे. दुःखाची यादी, त्या दुःखाला जबाबदार असणाऱ्यांची ओळख आणि मग मागणे, हा क्रम पुढे मला आमच्या घरच्या प्रार्थनेत भेटला. तो मुक्ताबाईकडून आला असे मी म्हणत नाही. दोन्ही एकाच मातीतून आले असावेत एवढेच.

इथे कोणी म्हणेल, दुसऱ्यासाठी देवापुढे उभे राहणे महार-मांगांना नवे कुठे होते? आक्षेप रास्त आहे. मरीआईचा पोतराज हा आमच्यातलाच. गावात पटकी आली की तो अंगावर आसूड ओढीत गावभर फिरे, मरीआईचा गाडा शिवेपार नेई आणि गावाची पीडा गावाबाहेर जाई. ग्रहण लागले की राहू-केतू म्हणजे महार-मांगच अशा समजुतीने आमच्या बायका दान मागत फिरत आणि त्या दानाने सूर्य-चंद्र सुटतात असे गाव मानी. म्हणजे संकट आणि गाव यांच्या मधली जागा आमचीच होती. पण ती कसली जागा? गावावरची पीडा पोतराज स्वतःच्या पाठीवर घेई. गाव शुद्ध होई, तो अधिक अशुद्ध होई. या सेवेच्या बदल्यात सूपभर जोंधळे मिळत आणि ते वरून टाकले जात. त्याला मध्यस्थी म्हणायचे असेल तर म्हणा, मी तिला वेठ म्हणेन. गटाराला कोणी मध्यस्थ म्हणत नाही.

या पार्श्वभूमीवर जालन्याजवळचे बेथेल पाहिले पाहिजे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातले; १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला कोर्टाच्या हुकुमाने मिशनमधून परत नेण्यात आले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठे रण पेटले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. हे सारे मराठी इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर असते. नारायणरावांनी पुढे स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने निजामाच्या मुलखात येऊन काम केले, हे मात्र एका ओळीतही नसते. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्यापाशी ख्रिस्ती वस्ती उभी केली. बेथेल म्हणजे देवाचे घर. तिथे आलेली माणसे मुख्यतः मांग होती. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तेव्हा नारायणराव तिथे पागोट्यानिशी उपस्थित होते आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. ब्राह्मण धर्मांतरित हा मिशनचा दागिना होता. बेथेलच्या मांगांना न्यूयॉर्क कोणी दाखवले नाही.

इकडे औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी सांभाळले. ते पारशी कुळातले. एक ब्राह्मण, एक पारशी, आणि त्यांच्या उपदेशाने आलेले महार-मांग असे हे मराठवाड्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळीचे आरंभीचे रूप. कॅथोलिक बाजूने फ्रान्सहून आलेल्या सेल्सवासी फ्रान्सिसच्या संघातील धर्मगुरूंनी वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात, घोगरगावसारख्या ठिकाणी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाय रोवले. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथोलिक धर्मप्रांत झाला.

या मंडळ्यांत प्रार्थना कशी होई? अँग्लिकन पद्धतीत ती छापील असते. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात राजासाठी किंवा राणीसाठी प्रार्थना ठरलेली आहे. छावणीच्या परिसरातली उपासना त्याच वळणाची. राज्य निजामाचे, फौज कंटिंजंटची आणि प्रार्थना व्हिक्टोरिया राणीसाठी, असा तो तिहेरी कारभार. आज यावर हसू येते. पण एक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. ज्याला पाटलाच्या ओसरीची पायरी चढता येत नव्हती, तो मांग देवापुढे उभा राहून सम्राज्ञीचे कल्याण मागत होता. मागणाऱ्याला ज्याच्यासाठी मागायचे त्याहून क्षणभर का होईना मोठे व्हावे लागते. जोहार घालणारा कंबरेत वाकून बोलतो, प्रार्थना करणारा राणीचे नाव सरळ घेतो. हे वाकणे गेले, ही गोष्ट लहान नाही. दारी दान पडण्याची वाट न पाहता, सुपाची अपेक्षा न ठेवता दुसऱ्यासाठी मागणे हे पोतराजाच्या वेठीहून वेगळे होते, ते इथे.

मिशनने दिलेल्या या छापील यादीच्या बाहेर घरोघर जी प्रार्थना चाले, तिच्याविषयी कोणत्याही अहवालात फारसे काही नाही. ती मला माहीत आहे कारण मी तिच्यात वाढलो. आमचे घराणे गोदाकाठच्या महारवाड्यातले. आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, चुलत घराणे १९५६ नंतर बौद्ध झाले. भिंत एकच, अलीकडे क्रूस, पलीकडे बाबासाहेब आणि बुद्ध. आजीला अक्षर येत नव्हते. दिवे लागले की ती घोंगडीवर गुडघे टेकी आणि नावे घ्यायला सुरुवात करी. आधी घरातली, मग वाड्यातली, त्यात चुलत घराण्यातली बौद्ध मंडळीही आली, मग गावातली. शेवटी एक निराळा गट असे. ज्यांनी आपल्याला छळले त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे, त्या आज्ञेचे पालन ती अक्षरशः करी. आणि अक्षरशः करताना प्रत्येकाचे कृत्य सांगे. अमक्याने आमच्या माणसाला विहिरीवरून हाकलले, त्याला सुबुद्धी दे. तमक्याने खळ्यावर मापात मारले, त्याचे लेकरू तापाने फणफणले आहे, ते बरे कर. लहानपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटे, कारण भाकरी त्यानंतर मिळायची.

इतिहासाचा शिक्षक झाल्यावर मला त्याचे मोल कळले. आमच्या वस्तीचा दुसरा कोणताही दस्तऐवज नाही. गावच्या दप्तरात आम्ही वतनापुरते, मिशनच्या दप्तरात बाप्तिस्म्यापुरते आणि देणगीपुरते. कोणी कोणाला कोणत्या विहिरीवरून हाकलले याची नोंद एका निरक्षर बाईच्या रोजच्या प्रार्थनेत होती. ती आज्ञा क्षमेची असली तरी तिला एक अट आहे, तिच्याकडे धर्मोपदेशकांचेही लक्ष जात नाही. छळणाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर तो छळणारा आहे, हे आधी म्हणावे लागते. नियती, पूर्वकर्म, गतजन्मीचे पाप यांच्यावर टाकून मोकळे होता येत नाही. माणसाचे नाव घ्यावे लागते. कर्मविपाकाच्या सिद्धांताने आमच्या लोकांच्या तोंडून हे नावच काढून घेतले होते.

१९७२ चा दुष्काळ मला स्वच्छ आठवतो. मी दहा वर्षांचा होतो. आई आणि आजी खडी फोडायला जात, मुलांना सुकडी मिळे. कामावर दुपारच्या सुट्टीत चार ख्रिस्ती बाया एकत्र बसून पावसासाठी प्रार्थना करीत. त्यांतल्या एकीच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती. पाऊस पडला असता तर तो ज्यांच्या शेतात पडायचा ते त्यांना सावली चुकवून जाणारे लोक. चुलत घराण्यातला माझा थोरला भाऊ तेव्हा मिलिंदमध्ये शिकत होता. तो आजीला म्हणाला, "बये, त्यांच्या रानासाठी तू कशाला डोळे मिटतीस? आधी रान माग." आजीने उत्तर दिले, "रान तू माग, तुला बोलता येतंय. पाऊस मी मागते." पँथरची वर्षे होती ती. भावाचे म्हणणे मला आजही पटते. आजीचेही खोटे वाटत नाही. भूमिहीनाच्या पावसाच्या प्रार्थनेत गाव पहिल्यांदा एक होते, आणि ते एक करणारी व्यक्ती गावाबाहेरची असते. गावाने मात्र तिला कधी आपले म्हटले नाही, हेही तितकेच खरे.

बायकांचा उल्लेख निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनाची गोष्ट टाळता येणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली आणि विधवा वाचवून आणल्या. १९०५ च्या जानेवारीत सत्तरएक जणी रोज पहाटे प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. त्याच महिनाअखेरीस तिथे जे धार्मिक संजीवन झाले त्याच्या चर्चा जगभर झाल्या. त्यातले रडणे, ओरडणे, अन्य भाषांत बोलणे याविषयी मला विशेष आस्था नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या मुलींचे फोटो दुष्काळग्रस्त म्हणून छापले जात होते, ज्यांच्यासाठी परदेशात लोक डोळे मिटत होते, त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत प्रार्थना करीत फिरू लागल्या. अहवालातील कर्म कर्ता झाले. मिशनच्या पगारातून मोकळे होऊन नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा दिली, त्यामागेही परकीय पालकत्व झुगारण्याचीच प्रेरणा होती. टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, कारण ते कवी होते. मुक्तीच्या मुलींची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

आता बाबासाहेबांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. ख्रिस्ती मंडळीत जात शाबूत राहिली हा त्यातला एक आरोप. तो खरा आहे. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रोटीबेटीचा दुरावा नगरपासून जालन्यापर्यंत पिढ्यान्पिढ्या राहिला, आणि प्रार्थनेने तो गेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांना सोवळे सोडायला किती झगडावे लागले हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. तो झगडा निदान त्यांनी उघड मांडला. दुसरा आरोप अधिक खोल आहे. ख्रिस्ती उपदेश माणसाच्या दुर्दशेचे कारण त्याच्या पापात शोधतो, समाजरचनेत नाही, त्यामुळे धर्मांतरित अस्पृश्याला आपल्यावर झालेल्या अन्यायाविरुद्ध लढण्याची ऊर्मीच उरत नाही, असे त्यांचे निदान होते. पापकबुलीच्या प्रार्थनेविषयी हे निदान शंभर टक्के खरे आहे. रविवारी गुडघे टेकून 'आम्ही पापी आहोत' असे म्हणणारा वेठबिगार सोमवारी मजुरी कशी मागणार? ज्याच्यावर पाप झाले तोच पापाची कबुली देत बसला!

मध्यस्थीची प्रार्थना मात्र या निदानात पूर्ण बसत नाही, असे मला वाटते. तिथे डोळा स्वतःच्या पापावरून उठून दुसऱ्याच्या स्थितीकडे जातो. शेजारणीचे मूल का मेले, कोण तुरुंगात गेले आणि कोणी घातले, हे सांगितल्याशिवाय ती प्रार्थना पुरी होत नाही. भगवान बुद्धांनी तेविज्ज सुत्तात नदीकाठच्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे: पलीकडे जायचे म्हणून तो अलीकडेच उभा राहून पैलतीराला हाका मारतो, तीर चालत येईल काय? माझा चुलत भाऊ हा दृष्टान्त मला नेहमी ऐकवी. तीर येत नाही, हे मला मान्य आहे. पण पोहता न येणाऱ्या शंभर माणसांनी एकत्र येऊन नदीकाठी हाक मारली, तर निदान आपण किती आहोत आणि कोण कोण आहोत, हे त्यांना कळते. पुढे होडी बांधायची की नाही, हा नंतरचा प्रश्न. आमच्या मंडळ्यांनी बहुतेक वेळा ती बांधली नाही, हे मी लपवत नाही.

नामांतराच्या वेळी हे फार बोचले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातली दलित घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. ते मातंग होते. नामांतर म्हणजे बौद्धांची मागणी, असा हिशोब करणाऱ्यांना त्यांच्या मरणाने गप्प केले. दुसऱ्यासाठी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी देवाचे नाव न घेता दाखवले. मी त्या काळी तरुणांच्या एका प्रार्थनासभेला जात असे. तिथे 'मराठवाड्यात शांतता नांदो' अशी प्रार्थना झाली. जाळणाऱ्याचे नाव नाही, जळालेल्याचे नाही, विद्यापीठाचे तर नाहीच. माझी निरक्षर आजी असती तर तिने गावांची नावे घेतली असती. शिकलेल्या, शहरातल्या मंडळीची प्रार्थना सभ्य होते तशी ती धूसर होत जाते. नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झाले, शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले; त्या धूसर प्रार्थना आजही तशाच चालू आहेत.

शब्द बदलता येतात, हे कॅथोलिक मंडळीच्या इतिहासाने दाखवले आहे. शुभ शुक्रवारच्या उपासनेत यहुदी लोकांसाठी शतकानुशतके एक प्रार्थना होत असे, तीत त्यांना श्रद्धाहीन ठरवणारे विशेषण होते. दुसऱ्यासाठी प्रार्थना म्हणजे दुसऱ्याचा अपमान कसा होतो, याचा याहून चांगला नमुना नाही. महायुद्धातल्या यहुद्यांच्या संहारानंतर, १९५९ साली, पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण काढून टाकले. पुढे व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट दिली आणि भाविकांची प्रार्थना पुन्हा सुरू केली. लॅटिनमध्ये गप्प बसलेला खेडूत वेदीजवळ येऊन मराठीत दुसऱ्यांसाठी मागू लागला. मराठवाड्यातल्या खेड्यांत हे काम पुष्कळदा बायकांनी उचलले.

गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभरच्या चर्चांत 'दलित मुक्ती रविवार' पाळला जातो. चांगली गोष्ट आहे. पण त्या दिवशी उच्चकुलीन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत दलितांसाठी प्रार्थना होते, तेव्हा मला पुन्हा ती गवताची गंजी आठवते. दलित मंडळीने सवर्ण ख्रिस्तींच्या जातिमुक्तीसाठी प्रार्थना करावी, असा रविवार कोणी सुचवलेला नाही. मी सुचवून पाहिले. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग चहा आला.

यापुढची गाठ कायद्याची आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सूसै यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढ दिली. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, अनुसूचित जातीत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९८९ चे संरक्षणही नाही. विहिरीवरून हाकलणारा माणूस मात्र हाकलताना धर्म विचारत नाही.

म्हणून आमच्यातली पुष्कळ माणसे कागदावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती आहेत. यात ढोंग शोधणाऱ्यांनी आधी आदेश वाचावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी यांच्या प्रकरणात, अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारताना, त्यांचा बाप्तिस्मा झाला आहे आणि त्या नियमितपणे चर्चला जातात, ही बाब निर्णायक मानली. म्हणजे प्रार्थना हा आता पुरावा आहे. ज्या ठिकाणी एकमेकांचे नाव मोठ्याने घेऊन मागायचे, तिथे नाव घेणेच जोखमीचे झाले. आजीच्या प्रार्थनेचे बळ नावांत होते, आणि तेच बळ राज्यसंस्थेने तिच्या नातवंडांविरुद्ध वळवले आहे.

मी जातो त्या मंडळीत दाराशी एक लाकडी पेटी आहे. तीत लोक आपल्या विनंतीच्या चिठ्ठ्या टाकतात आणि उपासनेच्या शेवटी पाळक त्या वाचून दाखवतात. पूर्वी चिठ्ठीवर पुरे नाव, गाव, वाडा असे. आता बहुतेक चिठ्ठ्यांवर आडनाव नसते. मागच्या महिन्यात पाळकांनी एक चिठ्ठी वाचली. एका बाईने भाचीसाठी लिहिली होती. पोरीला मेडिकलला नंबर लागला आहे, कॉलेजने मुदत दिली आहे, तिची 'हिंदू मांग' म्हणून जात पडताळणी तेवढी वेळेत होऊ दे. पाळक एक क्षण थांबले आणि त्यांनी ती होती तशी वाचली. सगळ्या मंडळीने आमेन म्हटले. मीही म्हटले.